गुणी खेळाडू आणि शिस्तीचा हिशेब

कोइमतूरच्या मैदानावर २५ सप्टेंबर २०२२ रोजी दुलीप करंडकाच्या अंतिम सामन्याचा शेवटचा दिवस सुरू होता. पश्चिम विभागाचा विजय जवळपास निश्चित होता आणि त्या विजयाचा पाया यशस्वी जयस्वालच्या दुसऱ्या डावातील २६५ धावांनी रचला होता. मात्र क्षेत्ररक्षण करताना दक्षिण विभागाचा फलंदाज रवी तेजा याच्यावर चाललेली त्याची शेरेबाजी काही थांबेना. पंचांनी समज दिली, कर्णधारानेही दिली. तरीही प्रकार सुरूच राहिला, तेव्हा कर्णधार अजिंक्य रहाणेने आपल्या या सर्वांत यशस्वी फलंदाजाला मैदानाबाहेर जाण्यास सांगितले. काही काळ पश्चिम विभाग दहा जणांनिशी खेळला. पुढे जयस्वाल परतला, संघ २९४ धावांनी जिंकला आणि सामनावीराचा पुरस्कारही जयस्वाललाच मिळाला.

रहाणे मूळचा संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्दचा. प्रवरेच्या याच खोऱ्यात, राहुरी तालुक्यात, देवळाली प्रवरा हे नगरपरिषदेचे गाव आहे. तेथून जवळच असलेले श्रीरामपूर हे झहीर खानचे गाव. ऊस आणि साखर कारखाने यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या पट्ट्यातून खेळाडू मोठे होऊ शकतात, हे या दोघांनी सिद्ध केले आहे. त्यामुळे येथील एखादा मुलगा बूट आणि पिशवी घेऊन पुण्या-मुंबईच्या निवडचाचणीला निघतो, तेव्हा त्यात कोणाला नवल वाटत नाही.

चाचणीत त्याचा वेग, चेंडूवरील ताबा, नजर, दमसास हे सारे पाहिले जाते. त्याची मोजमापे ठरलेली आहेत. पण मैदानाच्या कडेला, बहुधा चहाच्या कपासोबत, आणखी एक प्रश्न विचारला जातो, 'पोरगा वागायला कसा आहे हो?' त्याचे उत्तर मात्र दोन शब्दांत येते. 'गुणी आहे', 'जरा उद्धट आहे', 'संगत बरी नाही'. या दोन शब्दांवर कित्येकदा एका मुलाचे भवितव्य ठरते. खेळाचे मोजमाप मिनिटा-सेकंदांत आणि वागणुकीचे मोजमाप कानगोष्टींत, ही विसंगती गुणी पण वादग्रस्त खेळाडूच्या निवडीत नेहमी आडवी येते. तिची किंमत कधी खेळाडू मोजतो, कधी संघ, आणि कधी ज्यांचा खेळाशी काही संबंध नाही असे तिसरेच कोणी.

फुटबॉलच्या जगातील धडे

या प्रश्नाचा सर्वाधिक पद्धतशीर विचार फुटबॉलच्या जगात झाला आहे, कारण तेथे एका निवडीवर कोट्यवधींची रक्कम लागलेली असते. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलमध्ये (हा खेळ आपल्या फुटबॉलपेक्षा निराळा, हातात चेंडू घेऊन धावण्याचा) दरवर्षी ३२ संघ महाविद्यालयीन खेळाडूंची सात फेऱ्यांत निवड करतात. आधीच्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला पहिली संधी मिळते. या निवडीपूर्वी संघांचे पारखी खेळाडूच्या जुन्या प्रशिक्षकांना भेटतात, पोलिसांकडील नोंदी तपासतात आणि खेळाडूची समोरासमोर मुलाखत घेतात. एवढे करूनही अंदाज चुकतात. ते कसे चुकतात, हे पाहण्यासारखे आहे.

रँडी मॉस हा असामान्य गुणवत्तेचा खेळाडू. शाळेतील मारामारीच्या प्रकरणानंतर एका नामांकित विद्यापीठाने त्याचा प्रवेश नाकारला, तर दुसऱ्या विद्यापीठाने गांजाच्या सेवनामुळे त्याला संघातून काढले. १९९८ च्या निवडीत अनेक संघांनी त्याला टाळले आणि तो २१ व्या क्रमांकावर मिनेसोटाच्या वाट्याला आला. पहिल्याच हंगामात त्याने १७ टचडाउन झेलले. २०१८ मध्ये या खेळातील सर्वोच्च सन्मान असलेल्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्याचा समावेश झाला. ज्यांनी त्याला टाळले, ते आयुष्यभर हळहळले.

याच्या उलट उदाहरण लॉरेन्स फिलिप्सचे. नेब्रास्का विद्यापीठाकडून खेळत असताना १९९५ मध्ये त्याने आपल्या पूर्वीच्या मैत्रिणीवर हल्ला केला. प्रशिक्षकांनी त्याला निलंबित केले, पण त्याच हंगामात परत संघात घेतले आणि राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यातही खेळवले. १९९६ मध्ये सेंट लुईसने त्याला सहाव्या क्रमांकावर निवडले आणि पुढच्याच वर्षी काढून टाकले. नंतर हिंसाचाराच्या गुन्ह्यांत त्याला दीर्घ तुरुंगवास झाला आणि २०१६ मध्ये तुरुंगातच त्याचा मृत्यू झाला. आरन हर्नांडेझला २०१० मध्ये न्यू इंग्लंडने चौथ्या फेरीत, म्हणजे 'स्वस्तात' घेतले. २०१२ मध्ये त्याच्याशी सुमारे चार कोटी डॉलरपर्यंतचा नवा करार केला. त्यानंतर वर्षभराच्या आत, जून २०१३ मध्ये, त्याला खुनाच्या आरोपाखाली अटक झाली आणि २०१५ मध्ये न्यायालयाने त्याला दोषी ठरवले.

चौथे उदाहरण टायरन मॅथ्यूचे. संघाचे नियम मोडल्याबद्दल २०१२ मध्ये त्याच्या विद्यापीठाने त्याला संघातून काढले. त्याच वर्षी गांजा बाळगल्याबद्दल त्याला अटकही झाली. २०१३ मध्ये ॲरिझोनाने त्याला तिसऱ्या फेरीत, ६९ व्या क्रमांकावर निवडले. मात्र निवडण्यापूर्वी त्यांनी दोन गोष्टी पाहिल्या. नियमित चाचण्या देण्यास तो तयार होता, आणि विद्यापीठात त्याच्यासोबत खेळलेला पॅट्रिक पीटरसन हा भरवशाचा खेळाडू त्या संघात आधीपासून होता. पुढे मॅथ्यूची गणना देशातील सर्वोत्तम बचावपटूंत झाली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये कॅन्सस सिटीकडून खेळताना त्याने 'सुपर बोल'ही जिंकला.

निवडीच्या वेळी या चौघांच्या नावापुढे एकच शेरा होता, 'वर्तणुकीबाबत शंका'. वस्तुतः चारही प्रकरणे निरनिराळी होती. मॉस आणि मॅथ्यू यांच्या बाबतीत प्रश्न प्रामुख्याने व्यसनाचा आणि नियमभंगाचा होता. फिलिप्सच्या बाबतीत दुसऱ्या व्यक्तीवर प्रत्यक्ष हिंसा झाली होती आणि ती सर्वांना ठाऊक होती. एकाच शेऱ्याखाली हे सारे कोंबल्यामुळे मॉस २१ व्या क्रमांकापर्यंत घसरला आणि फिलिप्स मात्र सहाव्या क्रमांकावर निवडला गेला.

आपल्या ओळखीच्या फुटबॉलमध्येही हे घडते. मँचेस्टर युनायटेडच्या युवा संघाने २०११ मध्ये एफए युवा करंडक जिंकला, तेव्हा पॉल पोग्बासोबत रॅव्हेल मॉरिसन हा खेळाडू त्या संघात होता. प्रशिक्षक सर अॅलेक्स फर्ग्युसन यांनी आपल्या २०१५ च्या पुस्तकात त्याच्या नैसर्गिक गुणवत्तेला सर्वोच्च स्थान दिले आहे. मात्र त्याच २०११ या वर्षी साक्षीदाराला धमकावल्याच्या प्रकरणात मॉरिसनने न्यायालयात गुन्हा कबूल केला होता. जानेवारी २०१२ मध्ये युनायटेडने त्याला वेस्ट हॅमला देऊन टाकले. नंतर इटली, मेक्सिको, स्वीडन, नेदरलँड्स, अमेरिका अशा अनेक देशांत तो फिरला, पण कोठेच स्थिरावला नाही. पोग्बाने २०१८ मध्ये विश्वचषक जिंकला. एकाच युवा संघातून निघालेल्या दोन वाटा किती दूर जाऊ शकतात, ते यावरून दिसते.

पेठेचे प्रेम आणि पेठेचा दबाव

महाराष्ट्रात फुटबॉल खऱ्या अर्थाने रुजला तो कोल्हापुरात. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ अशा तालीम-मंडळांचे संघ शाहू स्टेडियमवर खेळतात आणि सारी पेठ पाठीशी उभी असते. कोल्हापूरचाच अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. पण याच मैदानावर समर्थकांच्या हुल्लडबाजीमुळे सामने थांबवण्याची वेळही आलेली आहे. अशा वातावरणात वाढलेला १७ वर्षांचा मुलगा प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर धावून गेला, तर त्याला पेठेत शाबासकी मिळते आणि तेच वर्तन निवड समितीपुढे आले की त्यावर 'तापट' असा शिक्का बसतो.

मुलाचे वागणे त्याच्या भोवतालापासून सुटे काढता येत नाही, हा याचा अर्थ. ज्या गोष्टीचे आपण काल कौतुक केले, तीच आज दोष म्हणून नोंदवताना त्याला मध्ये कोणी काही सांगितले होते का, हे आधी विचारले पाहिजे. पारख्याने त्या मुलाला एकदा पेठेच्या गर्दीत आणि एकदा अनोळखी गावच्या रिकाम्या मैदानावर, अशा दोन्ही ठिकाणी पाहावे. दोन्हीकडे तो तसाच वागत असेल तर तो स्वभाव, एकीकडेच वागत असेल तर तो दबाव.

महाराष्ट्रापुढे आलेले प्रकरण

अशा मूल्यमापनाची सर्वांत मोठी अलीकडची कसोटी महाराष्ट्रात लागली ती क्रिकेटमध्ये, पृथ्वी शॉच्या निमित्ताने. विरारच्या या मुलाने २०१३ मध्ये, वयाच्या १४ व्या वर्षी, हॅरिस शिल्ड स्पर्धेत ५४६ धावांची खेळी केली. त्याच्या नेतृत्वाखाली भारताने २०१८ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकला. त्याच वर्षी ४ ऑक्टोबर रोजी राजकोटला वेस्ट इंडिजविरुद्ध पदार्पणाच्या कसोटीत त्याने १३४ धावा केल्या. पदार्पणात कसोटी शतक करणारा तो सर्वांत तरुण भारतीय ठरला. जानेवारी २०२३ मध्ये त्याने आसामविरुद्ध ३७९ धावा केल्या. रणजी करंडकाच्या इतिहासातील ही दुसऱ्या क्रमांकाची सर्वोच्च खेळी.

दुसऱ्या बाजूला नोंदी वाढत गेल्या. २०१९ मध्ये उत्तेजक चाचणीत तो दोषी आढळला आणि त्याच्यावर आठ महिन्यांची बंदी आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईने त्याला रणजी संघातून वगळले. तंदुरुस्ती आणि सरावातील नियमितता ही कारणे त्या वेळी चर्चेत होती. नोव्हेंबरमध्ये आयपीएलच्या लिलावात ७५ लाखांच्या मूळ किमतीलाही त्याला कोणी घेतले नाही. डिसेंबरमध्ये मुंबईच्या ट्वेंटी-२० संघाचा कर्णधार श्रेयस अय्यरने, कामाची शिस्त शॉला स्वतःच पाळावी लागेल, दुसरे कोणी त्याला सांभाळत बसणार नाही, अशा आशयाचे मत जाहीरपणे मांडले. जून २०२५ मध्ये शॉने मुंबई सोडण्याची परवानगी घेतली आणि जुलैमध्ये महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने त्याला आपल्या संघात घेतले. त्याच सुमारास एका मुलाखतीत, आपण चुकीचे निर्णय घेतले, चुकीची संगत धरली आणि क्रिकेटला कमी वेळ दिला, अशी कबुली त्याने दिली.

महाराष्ट्राच्या निवडकर्त्यांसमोर असलेल्या या नोंदी एकाच पेटीत टाकल्या, तर 'बेशिस्त' एवढाच शेरा हाती लागतो. त्या वेगळ्या केल्या की चित्र बदलते. २०१९ च्या चाचणीत सापडलेले टर्ब्युटालिन हे द्रव्य खोकल्याच्या औषधांत असते. त्याने ते अनवधानाने घेतले, हे भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने मान्य केले होते. तेव्हा तो निष्काळजीपणा होता. फसवणुकीचा हेतू त्यात दिसत नाही. तंदुरुस्ती आणि सराव यांचा प्रश्न त्याहून गंभीर, कारण तो दीर्घकाळ चालला. पण त्यात नुकसान झाले ते मुख्यतः त्याचे स्वतःचे आणि संघाचे. अशा दोषावर उपाय असतो. वजन, धावण्याची चाचणी, सरावाची हजेरी या साऱ्या गोष्टी मोजता येतात आणि करारात लिहिता येतात.

तीन कप्पे

या सर्व उदाहरणांवरून वर्तणुकीचे तीन कप्पे करता येतात. पहिल्या कप्प्यात स्वतःचे नुकसान करणाऱ्या सवयी येतात. रात्रीची जागरणे, आहाराकडे दुर्लक्ष, सरावाचा कंटाळा, व्यसन या त्यांतल्या. येथे प्रश्न सुधारणेचा आहे, आणि व्यसन असेल तर शिक्षेच्या आधी उपचारांचा. दुसऱ्या कप्प्यात संघाचे नियम मोडणे, सहकाऱ्यांशी भांडणे, पंचांशी वाद घालणे हे येते. येथे नियम सर्वांना सारखा लावणे महत्त्वाचे. तिसऱ्या कप्प्यात दुसऱ्या व्यक्तीला झालेली इजा येते. मारहाण, धमकी, लैंगिक छळ हे प्रकार त्यात मोडतात. येथे 'गुणवत्ता किती' हा प्रश्न आधी विचारायचाच नसतो. ज्याला इजा झाली त्याची सुरक्षितता आणि कायद्याची प्रक्रिया यांना अग्रक्रम असतो. वसतिगृहात एका मुलाने धाकट्या मुलांना छळले असेल, तर त्याच्या गोलांची संख्या त्या धाकट्यांना सांगून काय उपयोग?

कप्पा ठरला की पुढचे प्रश्न येतात. घटना सिद्ध झालेली आहे की केवळ ऐकीव? एकदाच घडली की तिची साखळी आहे? त्या वेळी मुलाचे वय काय होते? विचारल्यावर त्याने खरे सांगितले की लपवले? नंतरच्या वर्षभरात काय बदलले? यांतील चौथ्या प्रश्नाला अनुभवी प्रशिक्षक फार महत्त्व देतात. चूक करून ती सांगणाऱ्या मुलाबरोबर काम करता येते. लपवणाऱ्याबरोबर प्रत्येक पाऊल संशयाने टाकावे लागते.

माहिती कोणाकडून घ्यायची, हेही ठरवावे लागते. मुख्य प्रशिक्षकासमोर प्रत्येक मुलगा सभ्य असतो. म्हणून मैदानावर पाणी मारणारा कर्मचारी, वसतिगृहाचे अधीक्षक, जेवण वाढणाऱ्या मावशी, संघाची बस चालवणारा चालक यांच्याशी बोलावे. ज्यांच्याकडून काही मिळवायचे नाही, अशा माणसांशी मुलगा कसा वागतो, यावरून बरेच कळते. मात्र एकाच माणसाच्या सांगण्यावरून निष्कर्ष काढू नये. त्या माणसाचाही काही राग असू शकतो.

येथे एक धोका आहे. आपल्याकडे शिस्त आणि आज्ञाधारकपणा यांची सतत गल्लत होते. प्रश्न विचारणारा मुलगा 'उद्धट', मोठ्यांच्या पाया न पडणारा 'गर्विष्ठ', इंग्रजीत बोलता न आल्याने गप्प बसणारा 'घुमा' ठरतो. गावाकडून, गरीब घरातून किंवा वेगळ्या समाजातून आलेल्या मुलाच्या वाट्याला अशी विशेषणे लवकर येतात. सुखवस्तू घरातील मुलाच्या त्याच वागण्याला 'आत्मविश्वास' म्हटले जाते. म्हणून नोंद करताना विशेषण न लिहिता घटना लिहावी. 'बेशिस्त आहे' असे न लिहिता 'महिन्यात चार वेळा सरावाला उशिरा आला, दोनदा कळवले नाही' असे लिहावे. घटना तपासता येते आणि तिचे कारणही कळू शकते. कदाचित त्याची एसटीच वेळेवर येत नसेल.

अल्पवयीन मुलांच्या बाबतीत कायदाही काही सांगतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये 'नव्याने सुरुवात' हे तत्त्व नमूद आहे. काही गंभीर अपवाद वगळता, बालपणी झालेल्या अपराधामुळे पुढे अपात्रता येऊ नये अशी तरतूद त्यात आहे. अशा मुलाची ओळख उघड करण्यासही मनाई आहे. तेव्हा पंधराव्या वर्षीच्या चुकीचा डांगोरा पिटणारी निवड समिती अन्याय करतेच, शिवाय कायद्याच्या विरोधातही जाते.

कानगोष्टींची किंमत

नोंदी नसल्या की काय होते, याचे उदाहरण विनोद कांबळीचे. शाळेत सचिन तेंडुलकरसोबत ६६४ धावांची भागीदारी, १९९३ मध्ये लागोपाठच्या दोन कसोटींत २२४ आणि २२७ धावा, आणि १७ कसोटींत ५४.२० ची सरासरी. तरीही त्याची अखेरची कसोटी १९९५ मध्ये झाली, तेव्हा तो अवघा २३ वर्षांचा होता. त्याला उसळत्या चेंडूने अडचणीत आणले, असे काही म्हणतात. राहणीमानाने घात केला, असे दुसरे म्हणतात. अन्याय झाला, असे तिसरे म्हणतात. तीन दशके उलटूनही आपण या गोष्टी केवळ गप्पांतच बोलतो. त्याच्या खेळातील उणीव कोणती आणि वर्तणुकीतील कोणती, ती त्याला केव्हा सांगितली गेली, त्यावर काय उपाय केला, हे सांगणारी नोंद लोकांपुढे कधी आलीच नाही. त्यामुळे पुढच्या खेळाडूला त्यातून काही शिकताही आले नाही.

वेळ कोणती?

मूल्यमापनातील सर्वांत मोठी चूक बहुधा माणूस ओळखण्यात होत नाही, वेळ निवडण्यात होते. मुंबईने शॉला वगळले त्या मोसमातील दोन सामन्यांत त्याच्या धावा होत्या ७, १२, १ आणि नाबाद ३९. वगळण्याचा निर्णय चुकीचा होता असे म्हणण्याचे कारण नाही. पण त्याच तंदुरुस्तीत, त्याच सरावात त्याने दोन शतके केली असती, तर त्याला वगळले असते का? हा प्रश्न एकट्या मुंबईसाठी नाही. प्रत्येक संघटनेने, प्रत्येक तालमीने, शाळेच्या प्रत्येक क्रीडाशिक्षकाने तो स्वतःला विचारावा. खेळाडू धावा करतो, गोल करतो, तोवर त्याच्या वागण्याला 'स्वभाव' म्हणायचे आणि धावा आटल्या की 'बेशिस्त', असे होत असेल तर आपण शिस्त शिकवत नाही. अपयशाला शिक्षा देत आहोत, एवढेच त्या मुलाला कळते. फिलिप्सच्या प्रशिक्षकांनी त्याला विजेतेपदाच्या सामन्यासाठी परत घेतले, तेव्हा त्यालाही हेच कळले असणार.

म्हणूनच कोइमतूरची ती घटना महत्त्वाची वाटते. रहाणेने जयस्वालला बाहेर पाठवले ते २६५ धावा केल्यानंतर, संघ जिंकत असताना. शिक्षा घडलेल्या कृत्यापुरती होती, काही षटकांची होती आणि ती संपल्यावर त्याला परत घेतले गेले. त्याचा पुरस्कारही काढून घेतला नाही. जुलै २०२३ मध्ये जयस्वालने कसोटी पदार्पणात वेस्ट इंडिजविरुद्ध १७१ धावा केल्या. त्या कसोटीत भारताचा उपकर्णधार होता अजिंक्य रहाणे. चांगल्या काळात दिलेली छोटी शिक्षा कोणाचे करिअर संपवत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. संतांचा संघ घेऊन सामने जिंकता येत नाहीत, थोडी मस्ती असल्याशिवाय मोठा खेळाडू होत नाही, असे अनुभवी मंडळी सांगतात. त्यात तथ्य आहे. पण मस्ती चालवून घ्यायची तर ती कोण, किती आणि कशाच्या बळावर सांभाळणार, हे आधी सांगितले पाहिजे. मॅथ्यूला घेणाऱ्या संघाकडे चाचण्यांची व्यवस्था आणि भरवशाचा सहकारी होता. ज्या संघाकडे मानसतज्ज्ञ नाही, वसतिगृहात रात्री लक्ष ठेवणारे कोणी नाही, त्याने 'आमच्याकडे आला की सुधारेल' असे म्हणणे म्हणजे नशिबावर हवाला ठेवणे होय. निवडताना खेळाडूची परीक्षा होते, तशी संघाचीही व्हायला हवी.

महाराष्ट्राच्या निर्णयाचे पुढे काय झाले, हे यादृष्टीने पाहण्यासारखे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये बुचीबाबू स्पर्धेत नव्या संघाकडून पहिल्याच सामन्यात शॉने शतक केले. ऑक्टोबरमध्ये मुंबईविरुद्धच्या सराव सामन्यात त्याने १८१ धावा केल्या, पण बाद झाल्यावर मुशीर खानशी त्याची जाहीर बाचाबाची झाली. रणजीत केरळविरुद्ध पहिल्या डावात शून्य आणि दुसऱ्या डावात ७५, आणि त्यानंतर चंडीगडविरुद्ध २२२ धावा. ऋतुराज गायकवाड भारतीय संघासोबत असताना सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत महाराष्ट्राचे नेतृत्व त्याच्याकडे सोपवण्यात आले आणि डिसेंबर २०२५ च्या लिलावात दिल्लीने ७५ लाखांना त्याला पुन्हा संघात घेतले.

या साऱ्यावरून निर्णय बरोबर ठरला, असे म्हणण्याचा मोह होतो. पण २२२ धावांनी तो प्रश्न सुटला असे मानले, तर आपण पुन्हा धावांनीच वर्तन मोजू लागलो. खरी तपासणी त्या सराव सामन्याच्या संध्याकाळी होती. १८१ धावा केलेल्या खेळाडूला त्या बाचाबाचीबद्दल कोणी समोर बसवून विचारले का, त्याने काय सांगितले, आणि नंतर पुन्हा तसा प्रसंग आला तेव्हा तो कसा वागला, या तीन उत्तरांत त्याच्या मूल्यमापनाचे सार आहे. ती उत्तरे धावफलकावर दिसत नाहीत. संघाच्या वहीत मात्र ती असायला हवीत.

अशी वही ठेवायला मोठा खर्च येत नाही. देवळाली प्रवरा येथील शाळेच्या मैदानावरही ती ठेवता येईल. तारीख, घटना, मुलाशी झालेले बोलणे, ठरलेला उपाय आणि महिन्यानंतरची स्थिती, एवढे पाच रकाने पुरेत. ती वही मुलाला आणि त्याच्या पालकांना वाचता आली पाहिजे, आणि त्यात चांगल्या वागण्याचीही नोंद झाली पाहिजे. मग तो मुलगा चाचणीसाठी पुण्याला जाईल, तेव्हा 'वागायला कसा आहे' या प्रश्नाला दोन शब्दांचे उत्तर द्यावे लागणार नाही. आणि जे सांगायचे ते त्याला चोविसाव्या वर्षी संघातून वगळल्याच्या बातमीत न कळता, चौदाव्या वर्षी आपल्याच मैदानावर कळलेले असेल.